लुदिंगच्या अडतीस नोकऱ्या

समोरच्या मुलीने बायोडेटाचं पहिलं पान उलटलं, दुसरं उलटलं, तिसऱ्या पानावर थांबली आणि गोड आवाजात म्हणाली, "एकोणीस वर्षांत अडतीस नोकऱ्या? मॅडम, तुम्ही कुठेच टिकत नाही का?"

लुदिंगच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सांता मोनिकातल्या नव्या मॉलच्या नोकरभरतीच्या खोलीत ती बसली होती. सकाळी सातपासून रांगेत उभी राहिल्यावर अकरा वाजता तिचा नंबर लागला होता. अंगात पांढरा इस्त्रीचा ब्लाउज, मांडीवर प्लॅस्टिकचं पाकीट, पाकिटात पोलिसांचा दाखला, बारांगायचा म्हणजे वस्तीच्या पंचायतीचा दाखला आणि छातीचा एक्स-रे. वय सत्तेचाळीस. समोरची मुलगी तिच्या लेकीच्या वयाची.

"मी एकाच जागी होते," लुदिंग म्हणाली. "प्लाझासमोरच्या दुकानात. पहिला मजला, कापडाचं काउंटर."

"पण इथे तर निरनिराळ्या कंपन्या लिहिल्यात."

"त्या एजन्सी. दुकानानं माणसं एजन्सीकडून मागवायची आणि एजन्सीनं पाच महिन्यांचा करार करायचा. करार संपला की नवा करार. बाई तीच, काउंटर तेच."

"असेल हो. पण कागदावर तसं दिसत नाही ना." मुलीने पानं एकत्र करून टाचणी लावली. "शिवाय आम्हाला अठरा ते अठ्ठावीसच्या मुली हव्यात. तरी ठेवून घेते. फोन करू आम्ही."

'फोन करू' म्हणजे काय, हे सांता मोनिकात शेंबड्या पोरालाही कळतं. लुदिंग उठली, पाकीट काखेत मारलं आणि मॉलच्या थंडगार हवेतून बाहेर रणरणत्या उन्हात आली. जीपनीच्या थांब्यापर्यंत चालताना ती स्वतःशीच पुटपुटत होती. टिकत नाही म्हणे. एकोणीस वर्षं ज्या फरशीवर उभी राहिले, त्या फरशीला माझ्या टाचांचे खळगे पडलेत. आणि टिकत नाही.

तिचं पूर्ण नाव लुदिविना फालसिस. आई हातमागावर कापड विणायची, त्यामुळे सुताची जात लुदिंगला बोटांनी कळायची. लेक वर्षाची झाल्यावर, अठ्ठाविसाव्या वर्षी, ती प्लाझासमोरच्या तीनमजली दुकानात कापडाच्या काउंटरवर लागली. गिऱ्हाईक जिना चढून वर यायच्या आत त्याच्या खांद्यांवरून ती वार सांगायची. "तुम्हाला अडीच वार पुरेल. बाही लांब हवी असेल तर पावणेतीन." खडूची रेघ न मारता ती कापड असं सरळ कापायची की शिंपिणी म्हणायच्या, मनांग लुदिंग असेल तरच आम्ही कापड घेणार. मनांग म्हणजे थोरली बहीण. पंचक्रोशीतल्या सगळ्या शिंपिणी तिला मनांगच म्हणत.

कायदा असा की, सहा महिने भरले की नोकर कायम. म्हणून दुकान पाचव्या महिन्याला माणूस सोडायचं. दर पाच महिन्यांनी लुदिंग एका छापील कागदावर सही करायची, की माझं कुणाकडे काही येणं निघत नाही. निळा स्कर्ट आणि नावाची पट्टी परत करायची. तीन-चार आठवडे घरी बसायची. मग निरोप यायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं, पुन्हा दाखले, पुन्हा रक्त, पुन्हा एक्स-रे, तेही स्वतःच्या खर्चाने. तिचा नवरा सेल्मो म्हणायचा, "आपल्या लग्नात निघाले नसतील एवढे फोटो तुझ्या फुप्फुसांचे निघालेत." एजन्सीचं नाव दर दोन वर्षांनी बदलायचं, टेबलामागचा माणूस तोच असायचा. शाळा उघडायच्या वेळेला आणि नाताळात ती काउंटरवर हजर असेल, एवढी काळजी मात्र करार करणारा बरोबर घ्यायचा.

तिने शिकवलेली एक मुलगी पुढे सुपरवायझर झाली आणि लुदिंगच्या रजेच्या अर्जावर सह्या करू लागली. त्याचंही तिने कधी वाईट वाटून घेतलं नाही. मग एका वर्षी दुकानाने कापडाचा मजला मोडला आणि तिथे मोबाइलची कव्हरं लावली. अडतिसावा करार संपला, एकोणचाळिसावा आलाच नाही. निरोप समारंभ नाही, पै नाही, चिठ्ठी नाही. काढलं म्हणायचीही सोय नव्हती, कारण कुणी ठेवलंच नव्हतं.

मॉलमधून ती तडक ग्लेंडाच्या दुकानात गेली. ग्लेंडाचं दुकान म्हणजे नगरपालिकेला लागून असलेली टपरी. तिथे बायोडेटा टाइप करून मिळायचा, फोटो निघायचे, झेरॉक्स व्हायची.

"काय झालं मनांग? लागली?" ग्लेंडाने मान वर न करता विचारलं.

"लागली. शिव्यांची लाखोली लागली. मी टिकत नाही म्हणे कुठे."

"मी म्हटलं होतं, अडतीसच्या अडतीस लिहू नका."

"मग काय लिहू? करार मी केले का? आणि हा फोटो बघ. हा कोट कुठला चढवलास मला?"

ग्लेंडाने फोटोवर कॉम्प्युटरमधून काळा कोट चढवला होता. ती सगळ्यांनाच तो चढवायची. कोळणी, रिक्षावाले, नर्सा, सगळे त्या एकाच कोटात. "नोकरीच्या फोटोला कोट लागतो," ती म्हणाली.

"हा पुरुषाचा कोट आहे. गुंडी उजवीकडे बघ. एकोणीस वर्षं मी कोटाचं कापड विकलं आणि माझ्याच फोटोत मला पुरुषाचा कोट. ज्याला कापडातलं कळतं त्यानं हा फोटो बघितला तर मला दारात उभी करेल का?"

ग्लेंडाने डोळे बारीक करून फोटो पाहिला. "अगं बाई. सात वर्षं चढवतेय हा मी." मग हसू दाबत तिने काचेवर चिकटवलेल्या एका कागदाकडे बोट दाखवलं. "उद्या पालिकेच्या सभागृहात शिबिर आहे. प्रभावी बायोडेटा कसा लिहावा. फुकट आहे आणि खायलाही देणार आहेत. जाऊन या. माझ्यावर ओरडण्यापेक्षा त्यांच्यावर ओरडा."

लुदिंग गेली. सभागृहात साठ-सत्तर माणसं होती, बहुतेक बायका, आणि बहुतेक चाळिशी ओलांडलेल्या. कागदाच्या बशीत शेवयांचं थोडं पान्सित आणि एक केळं मिळालं. शिकवणारा केर्विन नावाचा तिशीतला तरुण होता. शर्ट नेटका, बोलणं चुणचुणीत. भिंतीवर चित्रं पाडत तो सांगत होता की मालक एका बायोडेटाकडे सहा-सात सेकंदांच्या वर बघत नाही. म्हणून एकच पान लिहा. वय लिहू नका, जुनं काही लिहू नका. मधे रिकामे महिने दिसू देऊ नका. आणि सारख्या बदललेल्या नोकऱ्या दाखवू नका, त्यानं तुम्ही भरवशाचे नाही असं वाटतं.

लुदिंगने हात वर केला. तो लगेच दिसला नाही म्हणून ती उभीच राहिली.

"सर, मला एक सांगा. मी एका दुकानात एकोणीस वर्षं उभी होते. त्यांनी मला अडतीस वेळा काढलं आणि अडतीस वेळा घेतलं. आता ते लिहिलं तर मी भरवशाची नाही. नाही लिहिलं तर एकोणीस वर्षं मी काय केलं, माशा मारल्या?"

केर्विन हसला. "मनांग, अशा वेळी शेवटच्या दोन-तीन नोकऱ्याच लिहायच्या."

"म्हणजे खोटं लिहायचं."

"खोटं नाही. निवडून."

"सर, कापड कापताना निवडून कापलं तर बाही आखूड होते," लुदिंग म्हणाली. सभागृहात खसखस पिकली, पण ती हसली नाही. "करार ज्यांनी तोडले त्यांना कुणी विचारत नाही की तुम्ही माणसं का टिकवत नाही. त्यांच्यासाठी एखादं शिबिर आहे का? पुढच्या आठवड्यात? प्रभावी मालक कसं व्हावं?"

मागून एक बाई म्हणाली, "माझे बावीस. मासे डब्यात भरायचे." दुसरी म्हणाली, "माझे चौदा, हॉटेलात." कोपऱ्यातला एक गडी म्हणाला, "गोदीत माझे तीस तरी असतील, मोजले कुणी?" बघता बघता सभागृहात आकड्यांचा लिलाव सुरू झाला. केर्विनने भिंतीवरचं चित्र बंद केलं आणि तो टेबलाला टेकला.

"माझे सोळा," तो शेवटी म्हणाला. "पालिकेत. सहा-सहा महिन्यांचे. आठ वर्षं झाली मला इथे, मी कायम नाही. जानेवारीत पत्र येतं की नाही हे मला डिसेंबरात माहीत नसतं."

लुदिंगला त्याची कीव आली, पण त्याहून जास्त रागच आला, की हा असा माणूस उभा राहून आम्हाला लपवायला शिकवतोय.

"मग तुम्ही तुमच्या बायोडेटात काय लिहिता?" तिने विचारलं.

"आठ वर्षं, एकच ओळ," तो म्हणाला. "कारण आठ वर्षंच झालीत."

"हेच आधी सांगायचं होतं ना बाबा."

शिबिर संपल्यावर केर्विनने तिला थांबवून घेतलं. ओळीत लिहायचं तर पुरावा लागेल, तो म्हणाला. दुकानाकडून दाखला आणा, तारखांसकट. मग कुणाची माय व्यालीय तुम्हाला बोलायची.

दुसऱ्याच दिवशी लुदिंग दुकानात गेली. कार्यालय तिसऱ्या मजल्यावर होतं. जाताना तिला पहिला मजला लागला. तिच्या काउंटरच्या जागी चमचमणारी कव्हरं टांगली होती. ती तिकडे न बघता वर चढली. कार्यालयातल्या बाई तिला नावाने ओळखत होत्या. त्यांच्या मुलीच्या पदवीदानाच्या झग्याचं कापड लुदिंगनेच निवडून दिलं होतं.

"मनांग, दाखला कसा देऊ?" त्या म्हणाल्या. "तुम्ही कधीच आमच्या नोकर नव्हतात."

"मग मी कोण होते?"

"एजन्सीच्या."

"एजन्सीला टाळं आहे. विचारून आले मी. आधीच्या एजन्सींनाही."

"त्याला दुकान काय करणार?"

"मॅडम, तुमच्या बेबीचा झगा कुणी मोजला होता? एजन्सीनं?"

बाईंनी टेबलावरचे कागद नीट केले. त्यांना वाईट वाटत असावं, निदान तसं दिसलं. पण दाखला त्यांनी दिला नाही. वर सुचवलं की हवं तर खाली गिऱ्हाईक म्हणून चांगलं काही बघून जा, सूट चालू आहे. लुदिंग तशीच जिना उतरून बाहेर आली. पुढे अनेक दिवस ती सांगायची की तिला कुणी मारलं असतं तरी एवढं लागलं नसतं.

घरी येऊन तिने पलंगाखालचा पत्र्याचा डबा ओढला. नावाच्या पट्ट्या परत घेत, पण करारांच्या कार्बन प्रतींपैकी तिने एकही फेकली नव्हती. काही पिवळ्या पडलेल्या, दोन-तीन झुरळांनी कुरतडलेल्या. सेल्मोने जमिनीवर चटई घातली आणि दोघांनी त्या तारखांप्रमाणे मांडल्या. खोली भरली, उरलेल्या ओसरीवर मांडाव्या लागल्या. सेल्मो बोटीवर दोर ओढणारा, मितभाषी माणूस. तो सगळ्या कागदांवरून एकदा चालत गेला आणि म्हणाला, "एवढ्या कागदात गलबत गुंडाळता आलं असतं."

मग लुदिंग शिंपिणींकडे गेली. थोरली मनांग कोन्सिंग चाळीस वर्षं शिवत होती. तिने वहीच्या पानावर लिहून दिलं की मी अमुक सालापासून तमुक सालापर्यंत लुदिविना फालसिसकडूनच कापड घेतलं आणि तिने मला एकदाही चुकीचं माप दिलं नाही. अशा अकरा चिठ्ठ्या जमल्या. एकीला लिहिता येत नव्हतं, तिने अंगठा उठवला. अंगठा पुसट आला म्हणून तिने तो पुन्हा जोरात उठवला.

ग्लेंडाच्या टपरीत एक अख्खी दुपार गेली. लुदिंग सांगत होती, ग्लेंडा टाइप करत होती.

"वर काय घालू? उद्दिष्ट घालतात. एखाद्या नामांकित संस्थेत आपलं कौशल्य..."

"ते काढ. लिही, कापडाचं काउंटर, एकोणीस वर्षं, एकच जागा. खाली लिही, करार अडतीस, प्रती सोबत जोडल्या आहेत. कोण कुणाला सोडत होतं ते वाचणाऱ्यानं बघावं."

"मनांग, हे जरा कडक होतंय."

"होऊ दे."

"आणि काम काय काय केलं? नुसतं 'विक्री' लिहू?"

असं कुणी लुदिंगला कधी विचारलंच नव्हतं. तेवढ्यात पालिकेतून चहाला बाहेर पडलेला केर्विन तिथे डोकावला आणि म्हणाला, "मोजता येईल असं सांगा मनांग. किती, कुणाला, कशात फरक पडला." मग ती सांगू लागली. सव्वीस नव्या मुलींना कापड ओळखायला आणि कापायला शिकवलं. धागा जाळून वासावरून सुती आणि नायलॉन वेगळं काढते. शाळांच्या गणवेशाचा रंग मागच्या वर्षीच्या ठाणाशी जुळत नसेल तर ठाण उघडायच्या आधी परत पाठवते, असं एका मोसमात चार वेळा केलं. एक ठाण कापताना वाया किती जातं, तर टोकाची चिंधी. ग्लेंडाची बोटं थांबली. "एवढं सगळं येतं तुम्हाला आणि आपण मागच्या वेळी 'प्रसन्न व्यक्तिमत्त्व' लिहिलं होतं?"

"तू लिहिलं होतंस," लुदिंग म्हणाली.

फोटो तिने तिच्याच ब्लाउजात काढून घेतला.

केर्विनने ती दोन पानं टपरीच्या बाकावर बसून वाचली. सहा सेकंदांचा नियम सांगणारा माणूस दहा मिनिटं वाचत होता. मग तो म्हणाला, "हे नोकरीला द्याच. पण त्याआधी याची एक प्रत घेऊन तालुक्याच्या कामगार कार्यालयात जा. तिथे वकीलबाई इलादो बसतात. मी पाठवलं म्हणू नका."

वकीलबाई इलादो चष्म्यावरून बघणाऱ्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी पानं वाचली, प्रती चाळल्या, अंगठ्याची चिठ्ठी उजेडात धरून पाहिली. "हा बायोडेटा कुणी लिहिला?"

"मी सांगितला. टायपिंग केलं ग्लेंडाने."

"बाई, ही तर तयार फिर्याद आहे. मला फक्त वर दुकानाचं नाव घालायचंय."

लुदिंगने फिर्याद दाखल केली. तिच्यामागे दुकानातल्या आणखी नऊ जणी उभ्या राहिल्या, त्यांत तिने शिकवलेली ती सुपरवायझरही होती. समेटाच्या बैठकीत दुकानाच्या वकिलाने थोडे पैसे आणि एक छापील कागद पुढे सरकवला. लुदिंगने कागद ओळखला. माझं कुणाकडे काही येणं निघत नाही. तिने तो उलटा करून परत सरकवला आणि म्हणाली, "या कागदावर मी अडतीस वेळा सही केलीय. हात दुखतो आता." दीड वर्षाने निकाल तिच्या बाजूने लागला, की ती पहिल्या वर्षीच कायम झाली होती आणि एजन्सी हा नुसता बुरखा होता. दुकानाने अपील केलं. ते अजून चालू आहे. तारखेला त्या दहा जणी सकाळच्या बसने जातात आणि बसमध्ये केळीच्या पानातला भात खातात. एक तर आता कर्जबाजारी नवऱ्याला सोडून लेकीकडे राहायला गेली, तरी तारीख चुकवत नाही. निकाल लागला तेव्हा सगळ्यांना वाटलं की लुदिंगचा राग निवळेल. तो निवळला नाही. "जे पहिल्या वर्षी खरं होतं ते सांगायला एकविसावं वर्ष उजाडावं लागलं," ती म्हणायची.

नोकरी मात्र तिला आधीच मिळाली होती. फिर्याद दाखल केल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात ती तोच बायोडेटा घेऊन मिसेस तुपास यांच्या कारखान्यात गेली. तिथे शाळांचे गणवेश शिवत, वीस यंत्रं होती. मिसेस तुपास यांनी पहिलं पान वाचलं आणि शेल्फातून दोन पांढरी कापडं काढून तिच्यापुढे टाकली.

"यातलं कोणतं धुतल्यावर आटेल?"

लुदिंगने दोन्ही बोटांत चोळली. "दोन्ही. हे जास्त. व्यापाऱ्यानं तुम्हाला फसवलंय."

"कोणी सांगितलं मला त्यानं फसवलं?"

"मी सांगतेय."

मिसेस तुपास यांनी लगेच फोन उचलला आणि व्यापाऱ्याला चार शब्द सुनावले. मग म्हणाल्या, "सोमवारी ये. दुकानावर केस केलीयस ना? मला माहीत आहे. माझ्यावरही करशील?"

"तुम्ही वेळ आणली तर."

"बरं," त्या म्हणाल्या आणि कापड उचलून ठेवलं.

लुदिंग तिथे रुळली. कापड तपासायचं, कापायचं, नव्या मुलींना शिकवायचं. पाचवा महिना संपला त्या शुक्रवारी तिने स्वतःचा खण रिकामा केला. मापाची पट्टी, कपाळ पुसायचा रुमाल, पाण्याची बाटली, चपलांचा जास्तीचा जोड, सगळं पिशवीत भरलं. कुणी तिला सांगितलं नव्हतं. टेबल पुसून ती दाराशी आली आणि मिसेस तुपास यांच्यापुढे उभी राहिली.

"सही कुठे करू?"

"कसली सही?"

"पाच महिने झाले."

मिसेस तुपास यांना आधी काही उमगेना. त्यांनी पिशवीकडे पाहिलं, पिशवीतून डोकावणाऱ्या चपलांकडे पाहिलं. "सोमवारी सान रोकेच्या शाळेचे चारशे स्कर्ट कापायचेत," त्या म्हणाल्या. "कोण कापणार ते? मी?"

लुदिंग तिथेच एका स्टुलावर बसली आणि रडली. मुलींनी यंत्रं थांबवली. एकजण पाणी घेऊन आली आणि म्हणाली, "मनांग, चांगलंच झालं की. रडता कशाला?"

"चांगलं झालं म्हणून रडत नाही मी," लुदिंग म्हणाली. पदराने पुसावं तसं तिने ब्लाउजच्या बाहीने तोंड पुसलं. "मला कुणी जा म्हटलं नव्हतं. आणि मी आपली आपणच निघाले होते. काय करून ठेवलंय बघ माणसाचं."

मग तिने पिशवी उपडी केली आणि एकेक वस्तू खणात परत ठेवली.